नैरोबी की दारेसलाम? राहिलेल्यांनीच सांगा

पिंपळपान:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय, राग मानू नका. आम्ही चिंचवडचे. ह्यांचं काम टू-व्हीलर थ्री-व्हीलरच्या सर्व्हिस लाइनमधलं. कंपनीने पूर्व आफ्रिकेसाठी विचारलंय, ३ वर्षं, आणि नैरोबी किंवा दारेसलाम यातलं एक निवडा म्हणालेत, दोन्हीकडे जागा आहे. दहा दिवसांत कळवायचंय. पगार नैरोबीला थोडा जास्त आहे. मुलगा ७ वर्षांचा, सीबीएसईत दुसरीत, त्याला अधूनमधून नेब्युलायझर लागतो. सासूबाई वर्षातले पाच-सहा महिने आमच्याकडे असतील, गुडघे दुखतात पण हौशी आहेत. नेटवर वाचलं तर एक जण म्हणतो नैरोबी म्हणजे स्वर्ग, दुसरा म्हणतो नैरोबीत दिवसाढवळ्या लुटतात दारला जा, आणि सगळं लिहिलेलं गोऱ्या लोकांच्या पगाराच्या हिशोबाने. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी घराला कुठे बरं पडेल ते सांगा. मी तिथे घरून टिफिन वगैरे करू शकेन का तेही.

थेट_बोल:
स्पष्ट बोलतो. चिंचवडमध्ये काय कमी आहे म्हणून आफ्रिकेत जायचं? मुलाच्या तब्येतीशी खेळ नको.

जांभा_दगड:
@थेट_बोल, साहेब तुम्ही आफ्रिकेत कुठे राहिलायत ते आधी सांगा, नसाल राहिला तर चहा घ्या आणि गंमत बघा. (हलके घ्या)
पिंपळपान ताई, मी ११ वर्षं नैरोबीत, पार्कलँड्स भागात. मूळचा राजापूरचा. माझं मत सरळ नैरोबी, आणि पहिलं कारण हवा. नैरोबी साधारण १,७०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच, विषुववृत्ताच्या शेजारी असून पंखा लागत नाही. आमच्या घरात ११ वर्षांत पंखा घेतलेला नाही, एसी तर सोडाच. जुलैत उलट स्वेटर आणि रात्री रजई. शहरात मलेरिया जवळपास नाहीच, कारण इतक्या थंडीत त्याचा डास नीट टिकत नाही, मोंबासाला किंवा किसुमूकडे गेलात तरच गोळ्या नि मच्छरदाणी. हॉस्पिटलं चांगली, आगा खान, एम पी शाह, कंपीचा इन्शुरन्स असला की बिनघोर. मुंबईला थेट विमान, साधारण ६ तास. भाजी, डाळ, गोडा मसाला सोडून सगळे मसाले पार्कलँड्स-न्गारा पट्ट्यात चालत जाऊन मिळतात.

जांभा_दगड:
*कंपनीचा. मोबाइलवरून टाइप करतोय.

आकडेमोड:
भावनेपेक्षा आकडे बघू. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक घ्या, २०२५ चा अहवाल (आकडे २०२३ चे). केनिया ०.६२८, क्रमांक १४३. टांझानिया ०.५५५, क्रमांक १६५. तुलनेला भारत ०.६८५, क्रमांक १३०. म्हणजे केनिया आपल्या जरा मागे आणि टांझानिया बराच मागे. घरात वीज असणारे लोक केनियात तीन चतुर्थांशाच्या आसपास, टांझानियात निम्म्याहून कमी (२०२२ चे आकडे). त्यामुळे राहणीमान म्हणाल तर प्रश्नच नाही, केनिया.

बाओबाब:
@आकडेमोड, तुम्ही त्याच अहवालातला एक आकडा सोडलात, बहुतेक केनियाच्या बाजूने बसत नाही म्हणून 😀 सरासरी आयुर्मान. टांझानियात केनियापेक्षा साधारण ३ वर्षांनी जास्त आहे. शाळेत घालवलेली वर्षं आणि उत्पन्न यात केनिया पुढे आहे म्हणून एकूण निर्देशांक वर जातो. दुसरं म्हणजे हे आकडे केनियाच्या तुर्कानातल्या गुराख्याचे आणि टांझानियाच्या किगोमातल्या शेतकऱ्याचे आहेत. ताई ज्या फ्लॅटमध्ये राहणार तिथे बोअर असणार, जनरेटर असणार, गेटवर अस्करी (पहारेकरी) असणार. त्या मोजणीत त्या येतच नाहीत.
मी ९ वर्षं दारमध्ये, उपांगा भागात. (हो, आम्ही सगळे नुसतं दार म्हणतो, आणि गावाला फोनवर "दारातून बोलतोय" म्हटलं की आई अजून फसते.) माझं मत सविस्तर रात्री लिहितो, आता ऑफिसात आहे.

आकडेमोड:
मुद्दा मान्य, आयुर्मान बघितलं नव्हतं. पण वीज नाही तिथे शाळा नाही दवाखाना नाही, आणि त्याचा परिणाम शहरातल्या कामगारांच्या कौशल्यावर होतोच. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक कसे मिळतील हाही क्वालिटी ऑफ लाइफचाच भाग.

दोन_डगरींवर_पाय:
नावाप्रमाणे मी दोन्हीकडे राहिलेली आहे, ४ वर्षं नैरोबी (किलिमानी) आणि नंतर ५ वर्षं दार (आधी किसुटू, मग मिकोचेनी). आता पुण्यात परत. म्हणून मला वाटतं मी भांडणात पडायला लायक आहे.

आधी घर, कारण पहिला झटका तिथेच बसतो. नैरोबीत भाडं महिन्याला देतात, वर एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट, संपलं. दारमध्ये घरमालक सहा महिन्यांचं, बऱ्याचदा अख्ख्या वर्षाचं भाडं एकरकमी मागतो. आम्ही उतरलो तेव्हा हे माहीत नव्हतं, नवऱ्याची पहिली तीन महिन्यांची बचत प्लस माझ्या एफडीतले पैसे त्यात गेले आणि मी किसुटूच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून रडले, लिफ्ट पण नव्हती. त्यामुळे ताई, दार निवडलंत तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या की भाडं कंपनी ॲडव्हान्स भरेल. ही एक ओळ तुमचं पहिलं वर्ष वाचवेल.

दुसरं, पाणी. नैरोबीत पालिकेचं पाणी वार लावून येतं, बाकी बोअर किंवा टँकर (तिथे बाउझर म्हणतात), आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं म्हणून पिण्याचं पाणी विकतच. दारला प्रत्येक गच्चीवर काळी सिमटँक, ती भरली का हे बघणं हा रोजचा जप. म्हणजे दोन्हीकडे सारखंच, चिंचवडकरांना शिकवायला नको.

तिसरं, वीज. दोन्हीकडे प्रीपेड. नैरोबीत टोकन, दारला लुकू. २० आकडे दाबायचे आणि प्रकाश. टांझानियात २०२३ च्या शेवटाला फार वाईट म्गाओ होता, म्गाओ म्हणजे लोडशेडिंग, पण २०२४ मध्ये रुफिजी नदीवरच्या न्येरेरे धरणाची टर्बाइन्स सुरू झाली, २,११५ मेगावॉटचा प्रकल्प आहे, तेव्हापासून खूप सुधारलं. केनियाची वीज बहुतेक हिरवी, नैवाशाजवळच्या ओल्कारियाची जमिनीतली वाफ, ऐकायला भारी, पण बिल महाग आणि २०२३ मध्ये एका रात्री विमानतळासकट जवळपास अख्खा देश अंधारात गेला होता.

चौथं डास. इथे नैरोबी जिंकलं, वाद नाही. दारला मलेरिया आहे, डेंग्यूच्या साथी येतात. मुलाला ताप आला की पहिली टेस्ट मलेरियाची. पण घाबरण्यासारखं नाही, टेस्ट दहा-पंधरा मिनिटांत, औषध (दावा म्सेटो म्हणतात) कोपऱ्यावरच्या दुकानात. आमच्या घरात ५ वर्षांत दोनदा झाला. दुर्लक्ष मात्र एक दिवसही करायचं नाही.

पण नेब्युलायझर म्हणालात म्हणून सांगते, माझ्या मुलीचा दमा नैरोबीत वाढला होता. थंडी, धूळ, मटाटूचा (खासगी मिनीबसचा) डिझेल धूर आणि फुलांचा मोसम आला की परागकण. दारला समुद्राच्या दमट हवेत ती बरी राहिली. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा, मी फक्त आमचं सांगितलं.

पिंपळपान:
अरे देवा, डोळेच उघडले. भाड्याचं तर ह्यांना एचआरनेही सांगितलं नव्हतं. खूप आभार ताई. अजून लिहा. सुरक्षिततेबद्दल कोणी बोलेल का, सासूबाई संध्याकाळी देवळात जाणाऱ्या.

ढोकळा_नको:
सुरक्षितता मी लिहिते, नैरोबी वेस्टलँड्स, ६ वर्षं. नैरोबीला लोक गमतीने नैरॉबरी म्हणतात ते उगाच नाही. पण त्याची सवय होते, जशी मुंबई लोकलची होते. काच खाली करून फोनवर बोलायचं नाही, अंधार पडल्यावर पायी जायचं नाही, दागिने घरी. सगळी घरं कंपाउंडमध्ये, वर विजेची तार, गेटला अस्करी. मुलं कंपाउंडच्या आत खेळतात. मॉलमध्ये शिरताना गाडीखाली आरसा फिरवून बघतात, २०१३ च्या वेस्टगेट मॉलच्या हल्ल्यानंतर हे पक्कं झालं, ६७ माणसं गेली होती त्यात. सुरुवातीला मला गुदमरायला व्हायचं. आता माझी मुलगी पुण्यात आली की विचारते "आई इथे गार्डने आपली डिकी का नाही बघितली".
दारला माझी नणंद होती, ती रात्री ९ ला कोको बीचवर मोगो नि मिश्काकी खायला जायची, आम्ही नुसतं फोनवर जळायचो.

बाओबाब:
हां आता सविस्तर. @ढोकळा_नको यांची नणंद खरं बोलते, पण दारही काही रामराज्य नाही, पर्स खेचणारे मोटरसायकलवरून येतात, पट्टा खांद्यात असेल तर बाई पडते. पिशवी रस्त्याच्या बाजूला धरायची नाही हा पहिला धडा. बाकी माणसं मात्र मऊ. इथली पोरं वडीलधाऱ्यांना "शिकामू" म्हणतात, शब्दाचा अर्थ साधारण पाया पडतो असाच, आणि मोठ्यांनी "मराहाबा" म्हणायचं. माझी आई आली होती तेव्हा लिफ्टमधला शाळकरी पोरगा तिला शिकामू म्हणाला, तिला अर्थ सांगितला तर ती पुढचे तीन महिने सगळ्या इमारतीला आशीर्वाद देत फिरत होती. तुमच्या सासूबाईंना दार आवडेल. किसुटूची देवळं जवळजवळ, उपांग्यात राहिलात तर बजाजीने दहा मिनिटं.

आणि हो, बजाजी! ह्यांच्या कामाचंच आहे. इथे तीनचाकी रिक्षेला बजाजीच म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. आकुर्डीचं नाव इथे सामान्यनाम झालंय. केनियात तिला टुकटुक म्हणतात आणि नैरोबीच्या मुख्य भागात तशी कमीच दिसते, तिथे बोडा-बोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सीचं राज्य. त्यामुळे साहेबांचं काम तीनचाकीचं जास्त असेल तर दार, दुचाकी असेल तर दोन्हीकडे ढीग.

जांभा_दगड:
माणसं मऊ हे मान्य, पण कामाला पण मऊ! दारला फंडी (मिस्त्री) उद्या येतो म्हणाला की पंचांग बघावं. नैरोबीत माणूस फास्ट आहे, इंग्रजी सफाईने बोलतो, बँकेत, शाळेत, दवाखान्यात कुठे अडत नाही. दारला स्वाहिली शिकल्याशिवाय भाजीसुद्धा घेता येत नाही. एम-पेसा पण केनियात जन्मलं, २००७ साली, आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधी आमची भाजीवाली मामा म्बोगा फोनवर पैसे घेत होती. दारला नोटांची बंडलं, सगळ्यात मोठी नोट १०,००० ची आणि तिची किंमत आपले साडेतीनशे रुपये, वर्षाचं भाडं रोख मोजायला बसलात तर संध्याकाळ होते.

बाओबाब:
हाहा बंडलं खरी आहेत. पण मोबाइल मनी इथेही सर्रास आहे हो, २०२६ मध्ये राहतो आम्ही. आणि स्वाहिली शिकायला काय धाड भरलीय, अर्धे शब्द आपलेच वाटतात. गाडीला गारी, रंगाला रांगी, सरकारला सेरिकाली, आंब्याला एम्बे, दुकानाला डुका. एक गंमत लक्षात ठेवा, "दादा" म्हणजे बहीण. घरकामाच्या बाईला दादा म्हणतात. माझ्या बायकोने पहिल्या आठवड्यात वॉचमनला आपल्या सवयीने दादा अशी हाक मारली, तो बिचारा अजून मान खाली घालून गेट उघडतो.
घड्याळ पण सांभाळा. स्वाहिली वेळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे ७ म्हणजे "सा मोजा", पहिला तास. फंडी सा न्ने म्हणाला म्हणजे ४ नाही, १० वाजता. जांभाभाऊ, तुमचा फंडी बहुतेक वेळेवरच येऊन गेला असेल, तुम्हीच नसाल 😀

जांभा_दगड:
🙏 हरलो.

मावळतीचा_प्रवासी:
धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील दारला शिक्षक होते, १९६५ ते १९७८. माझं सगळं बालपण उपांग्यात. तुम्ही तरुण मंडळी जो फरक सांगताय ना, एक देश पळणारा आणि एक देश हळू चालणारा, तो आपोआप पडलेला नाही. १९६७ साली अरुशा जाहीरनामा आला, पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी उजामा नावाचा समाजवाद आणला, सगळ्या बँका सरकारी. केनियाने त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष केन्याटांच्या काळात बाजार उघडा ठेवला. न्येरेरे केनियाला "माणूस माणसाला खातो असा समाज" म्हणायचे, त्यावर केनियाचे ॲटर्नी जनरल चार्ल्स न्जोंजो यांनी "आणि तुमच्याकडे माणसाला खायलाच काही नाही" असं उत्तर दिलं, असं आमच्या घरी मोठी माणसं हसून सांगायची. दोघांचंही थोडं खरं होतं. १९७१ मध्ये कायदा करून भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. आमचे घरमालक गुजराती, त्यांची इमारत गेली, एका रात्रीत ते आमच्यासारखेच भाडेकरू झाले. आई त्या दिवशी त्यांच्याकडे डबा घेऊन गेली होती एवढं मला आठवतं. त्यानंतर कितीतरी कुटुंबं इंग्लंड-कॅनडाला गेली. १९७७ ला तर केनियाची सीमाच बंद झाली, ती १९८३ पर्यंत. साबण, टूथपेस्ट मिळेना, कोणी परदेशातून आलं की आम्ही पोरं बॅगेभोवती.

पण दुसरी बाजूही लिहितो. १२० च्या वर जमाती असलेला देश, आणि कुणी कुणाला "तू कुठल्या जमातीचा" असं सहसा विचारत नाही. स्वाहिली सगळ्यांची झाली, हे न्येरेरेंचं काम. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर जमातींच्या दंगलीत हजारावर माणसं मेली. तसं टांझानियात कधी होणार नाही असं मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आलो.

ढोकळा_नको:
काका, "सांगत आलो" म्हणालात तिथेच थांबलात. २०२५ चं पण लिहायला हवं ना.

मावळतीचा_प्रवासी:
हो. हात जड झाला म्हणून थांबलो. २९ ऑक्टोबर २०२५. विरोधी पक्षाचे टुंडू लिसू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात, त्यांच्या पक्षाला निवडणुकीतून बाहेर ठेवलेलं, आणि राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू यांना जवळपास ९८ टक्के मतं. दारमध्ये पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. किती गेले यावर अजून वाद आहे. माझ्या वर्गमित्राशी तेव्हा काही दिवस बोलणं झालं नाही, नेटच बंद होतं.

बाओबाब:
आम्ही घरातच होतो. जवळपास पाच दिवस नेट नाही, दुकानं बंद. शेजारच्या बिबींनी (आजी) चपात्या पाठवल्या, आम्ही वरण पाठवलं. पण खिडकीतून आवाज ऐकू येत होते, मी मुलांना बाथरूमजवळच्या पॅसेजमध्ये झोपवलं होतं. ९ वर्षांत पहिल्यांदा बॅग भरून दाराशी ठेवली. आता रोजचं जीवन सुरळीत आहे, शाळा, ऑफिस, बाजार सगळं. पण लोक आधीसारखं मोकळं बोलत नाहीत. बजाजीवाला पूर्वी राजकारणावर तासभर पकवायचा, आता फुटबॉलवर येतो. एक्स तर मे २०२५ पासूनच बंद आहे, व्हीपीएनशिवाय उघडत नाही. हे मी दारची वकिली करत असूनही लिहितोय, कारण ताईंना पूर्ण चित्र हवं.

जांभा_दगड:
याबाबतीत आमच्याकडेही कौतुक नको. २५ जून २०२४ ला करवाढीच्या बिलावरून पोरं संसदेत घुसली, त्यातही गोळीबार, माणसं गेली. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंना टीव्हीवर येऊन सही करणार नाही म्हणावं लागलं. आणि इथे शिव्या घालायला अजून बंदी नाही, मटाटूत, टीव्हीवर, सगळीकडे सरकारची साले काढतात. मोर्चाच्या दिवशी आमच्या ऑफिसात सरळ वर्क फ्रॉम होम. जून-जुलै आला की आता सगळ्यांनाच धाकधूक असते.
बाकी आपल्या लोकांचं म्हणाल तर २०१७ मध्ये सरकारने भारतीय वंशाच्या केनियन लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. नागरिक असणाऱ्यांसाठी आहे ते, आपल्यासारख्या परमिटवाल्यांना त्याचा उपयोग शून्य, पण ऐकायला बरं वाटतं.

थेट_बोल:
मी सुरुवातीला उगाच टोचून बोललो, माफी. वाचायला मजा येतेय. एक प्रश्न, तिथे रंगावरून, भारतीय म्हणून, त्रास होतो का?

ढोकळा_नको:
प्रश्न आपल्या लोकांना विचारा आधी. आपले लोक तीस-तीस वर्षं राहून कामवालीला नावाने हाक मारत नाहीत, वेगळा कप ठेवतात. मला कुणी "मुहिंदी" (म्हणजे भारतीय) म्हटलं तर मी मनात म्हणते बरोबर आहे, आपणही त्यांना काय काय म्हणतो. बाजारात भाव दुप्पट सांगतात एवढाच त्रास.

दोन_डगरींवर_पाय:
+१ आणि त्यापेक्षा जास्त काही लिहीत नाही, वेगळा धागा होईल.

ताईंच्या राहिलेल्या प्रश्नांकडे येते. टिफिन: नवऱ्याच्या परमिटवर डिपेंडंट म्हणून आलात की दोन्ही देशांत पैसे घेऊन काम करता येत नाही, वेगळं परमिट लागतं. टांझानियात तर जुलै २०२५ मध्ये हुकूम निघाला, परदेशी लोकांना १५ छोट्या धंद्यांत बंदी, सलून, मोबाइल दुरुस्ती, मोबाइल मनी वगैरे. टिफिनच्या भानगडीत पडू नका, शेजारणीला डबा दिलात तो प्रेमाचा, पैसे घेतलेत की इमिग्रेशनचा विषय.

शाळा: सीबीएसईच चालू ठेवायचं असेल तर दारला भारतीय शाळा आहे आणि तिथून परत पुण्यात येणं सोपं जातं. नैरोबीत आपली बहुतेक मुलं ब्रिटिश अभ्यासक्रमाला जातात, शाळा सुंदर पण फी ऐकून घाम फुटतो, कंपनी किती देते ते बघा. (सासूबाईंना सांगायला एक: आयआयटी मद्रासचा कॅम्पस २०२३ पासून झांझिबारला आहे, म्हणजे नातवाला "आयआयटी जवळ" राहायला मिळेल 😀)

ट्रॅफिक: दोन्हीकडे छळ. नैरोबीत २०२२ पासून टोलचा उन्नत एक्सप्रेसवे आहे, २७ किमी, विमानतळ ते वेस्टलँड्स पटकन, खाली मात्र तीच गर्दी. दारला बीआरटी आहे २०१६ पासून, म्वेंडोकासी म्हणतात, नावाचा अर्थ वेगवान, पण दारापाशी लोंबकळणारी माणसं बघितली की स्वारगेट आठवतं. टांझानियाची विजेवरची नवी रेल्वे मात्र झकास, २०२४ मध्ये दार-डोडोमा सुरू झाली. केनियाची मोंबासा-नैरोबी २०१७ ची, डिझेलवर, खिडकीतून त्सावोचे हत्ती दिसतात ते पैसे वसूल.

जांभा_दगड:
एक कबुली देतो, राजापूरकर म्हणून. मासे. नैरोबीत मासे म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराचा टिलापिया नाहीतर चीनहून आलेला गोठवलेला टिलापिया. ११ वर्षं मी गोड्या पाण्याचा मासा खातोय आणि आईला फोनवर "हो हो मिळतो" म्हणून सांगतोय. दारला एकदा ऑफिसच्या कामाने गेलो, बाओबाबराव भल्या पहाटे फेरीच्या मासळी बाजारात घेऊन गेले.

बाओबाब:
न्गुरू बघून भाऊंच्या डोळ्यात पाणी आलं होतं, साक्षीदार आहे मी. न्गुरू म्हणजे सुरमई हो. कोळंबीला काम्बा. तिथेच तळून पण देतात.
खाण्याचं तर दार म्हणजे कोकणच. नारळाच्या दुधातला भात, वाली वा नाझी. तूर इथे नारळाच्या रसात शिजवून सकाळी मंदाझीबरोबर खातात, म्बाझी म्हणतात, आणि हीच टांझानियाची तूर जहाजाने भारतात येते, कदाचित चिंचवडच्या डब्यात आत्ता तीच असेल. नारळ खवायला लाकडी घडीचं स्टूल असतं, पुढे दाते असलेलं पातं, त्यावर बसून खवायचं. त्याला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. आमच्या आईने एक गावाला नेलंय. नोव्हेंबरला आंबा सुरू, ख्रिसमसला आमरस.
उकाडा मात्र आहे. जानेवारी-फेब्रुवारीत अंगाची लाही होते, मुंबईचा मे समजा, एसीचं बिल धरूनच बजेट करा.

आकडेमोड:
मी मूळ आकडे देऊन एक बाजू घेतली होती, आता माझंच डळमळलंय. ताई, टेबल करून पाठवू का?

पिंपळपान:
आकडेमोडदादा (बहीण नव्हे 😀) टेबल नको, घरात कालच पार पडलं. सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले थंड कोरड्या हवेपेक्षा दमट चालेल पण मलेरियाची शिस्त पाळा, मच्छरदाणी सक्तीची. ह्यांनी एचआरला वर्षाचं भाडं ॲडव्हान्स कंपनीने भरायचं असं लिहून मागितलं, दोन दिवस उत्तर नाही, आज होकार आला. निवडणुकीचं वाचून मी खरंच घाबरले होते, अजूनही थोडी आहे, ह्यांचा पगारही नैरोबीला जास्त होता. पण शाळा सीबीएसई आणि तीनचाकीचं काम, दोन्ही तिकडे. तर दार. जूनमध्ये निघतो.

जांभा_दगड:
गद्दारी! 😀 अभिनंदन ताई. सुट्टीत नैरोबीला या, स्वेटर घेऊन. यलो फीवरची लस घेऊनच निघा, नैरोबीहून दारला परतताना कार्ड बघतात.

बाओबाब:
कारिबू सना! उपांग्यात घर बघून ठेवतो, पहिला मजला सासूबाईंसाठी. गोडा मसाला, आमसुलं आणि कुकरच्या दोन जादा रिंगा आणा, बाकी सगळं मिळतं.

पिंपळपान:
आभार दादा... म्हणजे भाऊ. एक शेवटचं, सासूबाई विचारतायत की तिकडे ती बकरी आहे तर विळी घरीच ठेवू का, बॅगेत अडीच किलो जाते.

बाओबाब:
विळी आणाच. बकरीवर नारळ खवता येतो, कांदा चिरता येत नाही.